दप्तर हलविताना : डेटाबेसच्या प्रतिकृती आणि आवृत्तीबदल

कार्यालयाची जागा बदलावयाची असली म्हणजे दप्तर हलवावे लागते. गठ्ठे मोजले जातात, त्यांची यादी होते, नव्या जागी ते पुन्हा मोजले जातात आणि यादी जुळेपर्यंत जुन्या खोलीची किल्ली कोणी परत करीत नाही. ही शिस्त महाराष्ट्रातील प्रत्येक कचेरीला ठाऊक आहे.

आज नोंदींचा फार मोठा भाग संगणकावर आला आहे. जमिनीचा सातबारा, जन्म-मृत्यूची नोंद, शाळेचा पट, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन या सर्वांच्या नोंदी ज्या संगणक प्रणालीत सुव्यवस्थित ठेवल्या जातात, तिला डेटाबेस म्हणतात. हे दप्तरही दर काही वर्षांनी हलवावे लागते. इमारत तीच राहते, नोंदीही त्याच राहतात. बदलते ती नोंदी सांभाळणाऱ्या प्रणालीची आवृत्ती. मात्र येथे एक अडचण आहे. कागदी दप्तर हलविताना कार्यालय दोन दिवस बंद ठेवता येते. संगणकीय सेवेची खिडकी इतका वेळ बंद ठेवणे बहुधा शक्य नसते. दप्तर हलत असतानाच नव्या नोंदी येत असतात, जुन्या दुरुस्त होत असतात.

अशा वेळी एकही नोंद न गमावता आणि खिडकी शक्य तितकी कमी वेळ बंद ठेवून हे काम कसे पार पाडावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. प्रत्यक्ष काम तंत्रज्ञ करतात हे खरे; परंतु नोंदींची जबाबदारी कार्यालयप्रमुखाची असते. म्हणून त्यामागील तत्त्वे प्रशासकांनी व लोकप्रतिनिधींनीही जाणून घेणे अगत्याचे आहे.

कीर्द आणि खतावणी

उदाहरणादाखल ‘पोस्टग्रेसक्यूएल’ ही डेटाबेस प्रणाली घेऊ. तिचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रात झाला. प्राध्यापक मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९८६ मध्ये तेथे हे काम सुरू झाले आणि १९९६ मध्ये प्रणालीला आजचे नाव मिळाले. तिचा मूळ आराखडा सर्वांना खुला असून ती विनाशुल्क वापरता येते. बँका, विद्यापीठे आणि शासकीय कार्यालये यांच्याकडून जगभर तिचा उपयोग केला जातो.

या प्रणालीची कामाची पद्धत जुन्या पेढीवरील हिशेबनिसाला सहज समजेल. पेढीवर व्यवहार झाला की तो प्रथम कीर्दीत लिहिला जातो आणि नंतर सवडीने खतावणीत त्या त्या खात्यावर चढविला जातो. मध्येच काही विघ्न आले, तरी कीर्द शाबूत असली म्हणजे खतावणी पुन्हा तयार करता येते. डेटाबेसही प्रत्येक बदल प्रथम एका क्रमवार नोंदवहीत लिहितो आणि मगच तो मूळ तक्त्यात उतरवितो. वीज गेली किंवा यंत्र बंद पडले, तर पुन्हा सुरू होताना या नोंदवहीवरून अपुरे राहिलेले काम पूर्ण केले जाते.

हीच कीर्द दुसऱ्या संगणकाकडे सतत पाठवीत राहिले, तर तेथेही तशीच खतावणी तयार होत जाईल. प्रतिकृती ठेवण्याच्या तंत्राचा गाभा हाच होय. एका मुख्य संगणकावर नोंदी होतात. त्याच्या कीर्दीच्या आधारे एक किंवा अधिक दुय्यम संगणक आपापली प्रत अद्ययावत ठेवतात. मुख्य यंत्र निकामी झाले तर दुय्यम यंत्र त्याची जागा घेऊ शकते. नुसत्या चौकशीचे काम, म्हणजे नोंद पाहणे वा उतारा काढणे, दुय्यम यंत्रावर सोपविता येते आणि मुख्य यंत्रावरील भार कमी होतो.

आवृत्ती का बदलावी लागते?

चालू असलेली प्रणाली बदलण्याची आवश्यकताच काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर सुरक्षिततेत आहे. पोस्टग्रेसक्यूएलची नवी मुख्य आवृत्ती सर्वसाधारणपणे दरवर्षी प्रसिद्ध होते आणि तिला पाच वर्षे दुरुस्त्या पुरविल्या जातात. २०२० मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीची ही मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली. ‘मायएसक्यूएल’ या दुसऱ्या सुप्रसिद्ध प्रणालीच्या ५.७ या आवृत्तीची नियमित दुरुस्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. मुदत संपल्यानंतर एखादी त्रुटी उघडकीस आली तर ती त्या आवृत्तीत दुरुस्त होत नाही. कुलूप बनविणाऱ्याने सुटे भाग देणे थांबविले असताना त्याच कुलपावर तिजोरी विसंबून ठेवण्यासारखे ते आहे.

किरकोळ आणि मुख्य आवृत्ती यांतील भेद येथे ध्यानात घ्यावयास हवा. किरकोळ आवृत्तीत केवळ दुरुस्त्या असतात. नोंदी साठविण्याची रचना बदलत नाही. अशा वेळी प्रथम दुय्यम संगणकांवर आणि नंतर मुख्य संगणकावर नवी आवृत्ती बसविणे इष्ट समजले जाते. जुन्या आवृत्तीने लिहिलेली कीर्द नवीस वाचता येण्याची शक्यता अधिक असते. याच्या उलट खात्री देता येत नाही. मुख्य आवृत्ती बदलते तेव्हा मात्र साठवणुकीची अंतर्गत रचनाच बदलू शकते आणि खरा प्रश्न तेथे उभा राहतो.

प्रतिकृतीचे दोन प्रकार

प्रतिकृती दोन प्रकारे ठेवता येते. पहिल्या प्रकारास भौतिक प्रतिकृती म्हणता येईल. हिच्यात मूळ वहीच्या पानाची हुबेहूब छायाप्रत घेतली जाते; कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत, काय बदलले एवढेच दुय्यम संगणकाला कळविले जाते. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये २०१० च्या ९.० या आवृत्तीपासून असे बदल प्रवाहासारखे सतत पाठविण्याची सोय झाली. ही पद्धत जलद व विश्वासार्ह आहे. परंतु दोन्ही वह्यांची पाने सारख्याच आखणीची असली पाहिजेत. म्हणूनच १५व्या आवृत्तीच्या मुख्य संगणकास १६व्या आवृत्तीचा दुय्यम संगणक या पद्धतीने जोडता येत नाही.

दुसरा प्रकार तार्किक प्रतिकृतीचा. येथे पानाची छायाप्रत पाठविली जात नाही. नोंदीचा आशय पाठविला जातो. ‘अमुक क्रमांकाच्या खातेदाराचा पत्ता असा बदलला’ असा तो निरोप असतो. घेणाऱ्याने तो आपल्या वहीच्या आखणीप्रमाणे लिहून घ्यावा. साहजिकच दोन्हीकडील आवृत्त्या भिन्न असल्या तरी चालतात. २००४ मध्ये जान वीक यांनी पुढे आणलेली ‘स्लोनी-१’ ही प्रणाली याच विचारावर उभी होती. स्लोनी म्हणजे रशियन भाषेत हत्ती. हत्ती हे पोस्टग्रेसक्यूएलचे बोधचिन्ह आहे. पुढे २०१७ च्या १०व्या आवृत्तीपासून तार्किक प्रतिकृतीची सोय मूळ प्रणालीतच समाविष्ट करण्यात आली.

मायएसक्यूएलचा नियमही उद्बोधक आहे. तेथे दुय्यम संगणक मुख्य संगणकापेक्षा एक पायरी पुढील आवृत्तीचा असू शकतो. जुना मात्र नसावा. म्हणून आधी दुय्यम संगणक आणि शेवटी मुख्य संगणक हाच क्रम तेथे पाळला जातो. शिकणाऱ्याला शिकविणाऱ्याची भाषा समजली पाहिजे, हे त्यामागील साधे तत्त्व होय.

स्थलांतराचे तीन मार्ग

मुख्य आवृत्ती बदलण्याचे तीन मार्ग प्रचलित आहेत.

पहिला मार्ग म्हणजे सर्व नोंदी एका संचिकेत उतरवून घेऊन नव्या प्रणालीत पुन्हा भरणे. हा सर्वांत सरळ मार्ग आहे. नोंदी नव्याने लिहिल्या जातात, त्यामुळे जुनी आखणी मागे राहते. परंतु उतरविणे सुरू झाल्यापासून भरणे पूर्ण होईपर्यंत नवीन नोंदी थांबवाव्या लागतात. लहान कार्यालयाच्या दप्तराला हा वेळ काही मिनिटांचा असतो. मोठ्या दप्तराला तो अनेक तासांचा होऊ शकतो.

दुसरा मार्ग म्हणजे जागच्या जागी रूपांतर. यासाठी पोस्टग्रेसक्यूएलबरोबर एक साधन मिळते. ते सर्व नोंदी पुन्हा लिहीत नाही. फक्त अनुक्रमणिका व नियम नव्याने मांडून जुनी पाने नव्या बांधणीत घेते. पाने जोडून घेण्याची जलद पद्धत वापरली तर हे काम थोडक्या वेळात उरकते. मात्र या जलद पद्धतीत एकदा नवी प्रणाली सुरू केली की जुनी प्रणाली पूर्ववत सुरू करणे सुरक्षित राहत नाही, कारण दोघींची पाने एकच असतात. शिवाय छायाप्रतीच्या पद्धतीने जोडलेले दुय्यम संगणक आपोआप पुढे येत नाहीत. त्यांना विशेष पद्धतीने जुळवून घ्यावे लागते किंवा नव्याने उभे करावे लागते.

तिसरा मार्ग तार्किक प्रतिकृतीचा. जुनी प्रणाली चालू ठेवून शेजारी नव्या आवृत्तीचा संगणक उभा करावयाचा. आरंभी सर्व नोंदींची प्रत त्याला द्यावयाची आणि नंतर रोजचे बदल पोचवीत राहावयाचे. दोन्ही वह्या तंतोतंत जुळल्या की एका निश्चित क्षणी कारभार नव्या वहीवर आणावयाचा. येथे खिडकी काही मिनिटेच बंद राहते आणि त्याआधी नव्या संगणकाची परीक्षा सावकाश घेता येते. यासाठी दुप्पट यंत्रसामग्री व अधिक पूर्वतयारी मात्र लागते. सप्टेंबर २०२४ च्या १७व्या आवृत्तीत छायाप्रतीवर चालणाऱ्या दुय्यम संगणकाचे तार्किक प्रतिकृतीत रूपांतर करण्याचे साधन देण्यात आले. त्यामुळे आरंभीची मोठी प्रत नव्याने काढण्याचे श्रम वाचतात.

नजरेतून सुटणाऱ्या बाबी

तिसरा मार्ग आकर्षक असला तरी ‘सर्व काही आपोआप जाते’ ही समजूत चुकीची आहे. काही बाबी मागे राहतात आणि त्या मागे राहिल्याचे त्या क्षणी कोणाच्या लक्षात येत नाही.

यांतील पहिली बाब अनुक्रमांकाची. जावक नोंदवहीत पुढचा क्रमांक कोणता द्यावयाचा हे जसे लिपिकाला ठाऊक असते, तसे डेटाबेसमध्ये एक क्रमांक-गणक ते लक्षात ठेवतो. पोस्टग्रेसक्यूएलच्या १० ते १८ या आवृत्त्यांत तार्किक प्रतिकृतीबरोबर नोंदी जातात, गणकाची स्थिती जात नाही. समजा, जुन्या प्रणालीत ४८,२१० पर्यंत दाखले दिले गेले आहेत. नव्या प्रणालीत सर्व दाखले पोचले. पण गणक एकवरच उभा राहिला. पहिला नवा दाखला देताना तो एक हा क्रमांक देऊ लागेल. क्रमांक अनन्य असावा असा नियम घातलेला असेल तर प्रणाली नोंद नाकारील आणि खिडकीवर रांग थांबेल. तो नियम घातलेला नसेल तर त्याहून वाईट घडेल. एकाच क्रमांकाचे दोन दाखले दोन माणसांच्या हाती जातील. म्हणून कारभार हलविताना गणक हाताने पुढे सरकविणे हा कार्यक्रमाचा अनिवार्य भाग असला पाहिजे.

दुसरी बाब आखणीची. या आवृत्त्यांत तार्किक प्रतिकृती नोंदी पाठविते. तक्त्याच्या आखणीतील बदल पाठवीत नाही. स्थलांतर चालू असताना कोणी जुन्या प्रणालीत नवा रकाना वाढविला, तर नवी प्रणाली त्या रकान्यात आलेली माहिती स्वीकारू शकत नाही आणि प्रतिकृतीचे काम थांबते. या काळात आखणीतील सर्व बदल स्थगित ठेवण्याचा लेखी आदेश काढणे श्रेयस्कर ठरते.

तिसरी बाब ओळखीची. बदललेली वा रद्द झालेली नोंद दुसऱ्या वहीत शोधावयाची तर प्रत्येक नोंदीला स्वतःची अशी ओळख हवी. ज्या तक्त्यात अनन्य क्रमांक नाही, तेथे कोणती ओळ बदलावयाची हे नव्या संगणकाला कळत नाही. एकाच नावाच्या दोन खातेदारांत भेद करता न येणाऱ्या तलाठ्यासारखी त्याची स्थिती होते. असे तक्ते आधीच हुडकून काढावे लागतात.

चौथी बाब साठत जाणाऱ्या कीर्दीची. नवा संगणक काही कारणाने बंद पडला, तर मुख्य संगणक त्याच्यासाठी कीर्दीची पाने राखून ठेवीत राहतो. कोणी लक्ष दिले नाही तर ही पाने जागा व्यापीत जातात आणि शेवटी मुख्य संगणकच जागेअभावी थांबतो. प्रतिकृती किती मागे आहे आणि राखलेली कीर्द किती वाढली आहे, हे रोज पाहण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे असावी.

‘काळे’ आधी की ‘कावळे’?

मराठी नोंदींच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची अशी एक बाब आहे, ती वर्णक्रमाची. आपल्या वर्णमालेत ळ हे अक्षर ह च्या नंतर येते. युनिकोड या संगणकीय लिपीव्यवस्थेत मात्र ळ चा संकेतांक ल च्या लगेच पुढे, म्हणजे व च्या आधी आहे. त्यामुळे केवळ संकेतांकाच्या क्रमाने यादी लावली तर ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’च्या आधी येईल, वर्णमालेच्या क्रमाने लावली तर ‘कावळे’ आधी आणि ‘काळे’ नंतर. कोणता क्रम पाळावयाचा, याचे नियम डेटाबेस बहुधा संगणकाच्या मूळ कार्यप्रणालीकडून घेतो.

आता असे समजा, की नावांची सूची एका नियमाने तयार झाली आणि कार्यप्रणाली बदलल्यामुळे ती वाचताना दुसरा नियम लागू झाला. शब्दकोशात एखादा शब्द जेथे असावयास हवा तेथे तो न आढळल्यास आपण ‘शब्द नाही’ असे म्हणतो. संगणकही तेच करतो. नोंद वहीत असते, परंतु शोधताना सापडत नाही. खिडकीपुढे उभ्या असलेल्या वृद्ध निवृत्तिवेतनधारकाला ‘आपले नाव यादीत नाही’ असे उत्तर मिळते. यंत्राने चूक झाल्याची सूचना दिलेली नसते. लिपिकही आपल्या परीने खरे तेच सांगत असतो. तेच नाव पुन्हा नोंदविले तर एका व्यक्तीच्या दोन नोंदी होतात.

हा धोका काल्पनिक नाही. लिनक्स या कार्यप्रणालीतील ‘जीलिबसी’ या मूलभूत संग्रहाची २.२८ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये आली आणि तिच्यात वर्णक्रमाच्या नियमांत व्यापक बदल झाले. जुन्या कार्यप्रणालीवरील छायाप्रत जशीच्या तशी नव्या कार्यप्रणालीवर नेणाऱ्यांच्या शब्दसूच्या त्यामुळे बिघडू शकत होत्या. यावर उपाय सरळ आहे. शब्दांच्या सर्व सूच्या नव्या यंत्रावर पुन्हा तयार करावयाच्या. तार्किक प्रतिकृतीत सूच्या नव्या यंत्रावरच तेथील नियमाने तयार होत असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. कोणताही मार्ग घेतला तरी ळ, क्ष, ज्ञ या अक्षरांची नावे शोधून पाहण्याची चाचणी मराठी दप्तरासाठी आवर्जून घ्यावी.

३१ जानेवारी २०१७ चा धडा

प्रतिकृती आहे म्हणजे नोंदी सुरक्षित आहेत, हा समज किती महाग पडतो याचे एक उदाहरण जगासमोर आहे. ‘गिटलॅब’ ही संगणक-आज्ञावली लिहिणाऱ्यांना त्यांचे काम एकत्र ठेवण्याची सोय पुरविणारी संस्था. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिचा दुय्यम संगणक मुख्य संगणकाच्या मागे पडला आणि प्रतिकृतीचे काम थांबले. ते पुन्हा सुरू करण्यासाठी दुय्यम संगणकावरील जुनी प्रत काढून टाकणे आवश्यक होते. रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या तंत्रज्ञाने ती आज्ञा चुकून मुख्य संगणकावर दिली. चूक लक्षात येऊन आज्ञा थांबविली, तोपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइट नोंदींपैकी सुमारे साडेचार गिगाबाइट एवढ्याच उरल्या होत्या.

यानंतर जे उघडकीस आले ते अधिक बोधप्रद आहे. रोज नोंदी उतरवून दूर ठेवण्याची व्यवस्था कागदोपत्री होती. पण प्रत्यक्षात तेथे काहीच नव्हते. डेटाबेस ९.६ या आवृत्तीवर होता आणि नोंदी उतरविणारे साधन मात्र ९.२ या आवृत्तीचे वापरले जात होते. जुने साधन नव्या आवृत्तीची वही उतरवून देत नाही. ते काम नाकारून थांबते. अपयशाची सूचना देणारे टपाल संगणकाकडून निघत होते, परंतु टपालव्यवस्थेच्या नियमात न बसल्यामुळे ते नाकारले जात होते आणि कोणाच्याही हाती पडत नव्हते. अखेर दुसऱ्या एका कामासाठी सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती लागली आणि तिच्यावरून दप्तर उभे करण्यात आले. मधल्या सहा तासांतील नोंदी कायमच्या गेल्या. त्यांत संस्थेच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ५,००० प्रकल्प, तितकेच अभिप्राय आणि ७०० नव्या सदस्यांची खाती होती.

संस्थेने हा सर्व वृत्तांत लपवून न ठेवता जाहीर केला, म्हणून आज त्यावरून शिकता येते. यात दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे प्रतिकृती ही सुरक्षित साठ्याची जागा घेऊ शकत नाही. मुख्य वहीत चुकून खोडलेली नोंद काही क्षणांत प्रतिकृतीतही खोडली जाते. दुसरी गोष्ट अशी, की आवृत्ती बदलते तेव्हा केवळ डेटाबेस बदलून भागत नाही. त्याच्याभोवतीची सर्व साधनेही त्याच पायरीवर आणावी लागतात आणि ती खरोखर काम करतात हे पडताळावे लागते. याच संस्थेने पुढे मे २०२० मध्ये ९.६ वरून ११व्या आवृत्तीवर स्थलांतर केले, तेव्हा आधी रंगीत तालीम घेतली आणि परतीची वाट म्हणून काही संगणक जाणीवपूर्वक जुन्याच आवृत्तीवर राखून ठेवले.

बदलाचा दिवस

प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी क्रम पाळण्यास सर्वाधिक महत्त्व आहे. प्रथम जुन्या प्रणालीतील नवीन नोंदी थांबवाव्या. केवळ पाहण्याची मुभा ठेवावी. कीर्दीचे शेवटचे पान नव्या संगणकावर पोचल्याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर क्रमांक-गणक पुढे सरकवावे. मग प्रत्येक महत्त्वाच्या तक्त्यातील नोंदींची संख्या दोन्हीकडे मोजावी; रकमांच्या रकान्यांची बेरीज ताडून पाहावी; काही नोंदी यदृच्छया निवडून शब्दशः मिळवून पाहाव्या. हे सर्व जुळल्यावरच नव्या प्रणालीत नोंदी घेण्यास आरंभ करावा.

एक दक्षता कोणत्याही परिस्थितीत सोडू नये. दोन्ही वह्यांत एकाच वेळी नव्या नोंदी होता कामा नयेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘गिटहब’ या अशाच दुसऱ्या संस्थेच्या दोन केंद्रांतील संपर्क ४३ सेकंद तुटला. तेवढ्या अवधीत नियंत्रणव्यवस्थेने मुख्यपद दुसऱ्या केंद्राकडे दिले आणि दोन्हीकडे एकमेकांत नसलेल्या नोंदी राहिल्या. त्यांचा मेळ घालून सेवा पूर्ववत करण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. एका वहीच्या दोन वह्या होण्यास क्षण पुरतो. त्या पुन्हा एक करण्यास दिवस लागतो.

परतीची वाटही आधीच बांधून ठेवावी. कारभार नव्या प्रणालीवर आल्यानंतर प्रतिकृतीची दिशा उलटी करता येते, म्हणजे नवी प्रणाली मुख्य आणि जुनी तिची प्रत. असे केल्यास आठ-पंधरा दिवसांनी एखादा गंभीर दोष आढळला, तरी मधल्या नोंदी न गमावता मागे येता येते. हा काळ निर्वेध गेल्यावर जुनी जोडणी विधिपूर्वक बंद करावी. अन्यथा तिच्यासाठी राखलेली कीर्द पुढे साठत राहील. तसेच जागच्या जागी रूपांतर केले असेल, तर १८व्या आवृत्तीपूर्वी नोंदींच्या प्रमाणाविषयीची अंतर्गत आकडेवारी नव्या प्रणालीत जात नसे. ती पुन्हा गोळा केल्याशिवाय खिडकी उघडल्यास साधी चौकशीही रेंगाळते आणि दोष नाहक नव्या आवृत्तीला लागतो.

कार्यालयप्रमुखाने विचारावयाचे प्रश्न

तंत्रज्ञांच्या कामात ढवळाढवळ न करताही कार्यालयप्रमुखाला काही प्रश्न विचारता येतात व ते त्याने विचारलेच पाहिजेत. सुरक्षित साठ्यावरून दप्तर पुन्हा उभे करून शेवटचे केव्हा पाहिले? साठा घेणारे साधन डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळते का? अपयशाची सूचना कोणाला मिळते आणि ती मिळते याची खात्री कशी केली? रंगीत तालीम खऱ्या दप्तराच्या प्रतीवर झाली का, आणि तिला किती वेळ लागला? नोंदींची मोजणी कोण करणार व तिच्यावर सही कोणाची? अमुक वेळेपर्यंत काम जुळले नाही तर मागे फिरण्याचा निर्णय कोण घेणार? खिडकी बंद राहण्याची वेळ नागरिकांना आधी कळविली आहे का? पगारवाटप, पीक विम्याची शेवटची तारीख किंवा शाळाप्रवेशाचे दिवस यांच्याशी ती टक्कर घेत नाही ना?

या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळावीत. ‘सर्व व्यवस्था आहे’ हे उत्तर पुरेसे मानू नये. गिटलॅबकडेही ३१ जानेवारी २०१७ च्या दुपारपर्यंत सर्व व्यवस्था कागदावर होती.

कागदी दप्तर हलविताना जुन्या पिढीतील कारकून जी शिस्त पाळीत असत, तिच्याहून ही शिस्त मुळात वेगळी नाही. यादी करा, मोजा, पुन्हा मोजा आणि जुळेपर्यंत जुनी खोली मोकळी करू नका, एवढेच तिचे सार आहे. नोंद ही कार्यालयाची मालमत्ता नसते. ज्याच्या नावाने ती आहे, त्याचा जमिनीवरील हक्क, त्याचे वेतन, त्याच्या मुलाचे शिक्षण तिच्यावर अवलंबून असते. नवी आवृत्ती कितीही जलद असो. खिडकीवर आलेल्या माणसाला त्याचे नाव जेथे होते तेथेच सापडले, तरच ते स्थलांतर यशस्वी झाले असे म्हणता येईल.